‘फास्ट’ म्हणजे जलद की घट्ट?

बाराखडी
नमस्कार. मी लालबागला मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. गेल्या आठवड्यात एका उताऱ्यात ‘द चाइल्ड वॉज फास्ट अस्लीप’ असे वाक्य आले. अकरा मुलांपैकी नऊ जणांनी ‘मूल लवकर झोपले’ असे लिहिले, एकीने ‘मूल पटकन झोपले’ असे लिहिले आणि एकाने जागा कोरी सोडली. मी फळ्यावर ‘मूल गाढ झोपले होते’ असे लिहिल्यावर मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “बाई, फास्ट म्हणजे जलद ना? मग झोप जलद कशी असेल?” मी तिला ‘हा वाक्प्रचार आहे, पाठ करून ठेव’ असे सांगितले आणि पुढचा उतारा घेतला.

ते उत्तर मला तेव्हापासून टोचते आहे. घरी येऊन मी या शब्दाची उदाहरणे वहीत लिहू लागले. फास्ट ट्रेन, फास्ट बोलर, फास्ट कलर, फास्ट फ्रेंड्स, घड्याळ पाच मिनिटे फास्ट, हार्ड अँड फास्ट रूल, आणि उपवासाचा फास्ट तर वेगळाच. यांतल्या निम्म्या ठिकाणी वेगाचा काहीही संबंध दिसत नाही. हा एकच शब्द आहे की एकाच रूपाचे दोन-तीन शब्द आहेत? मुलांना शिकवताना सुरुवात कोणत्या अर्थापासून करावी? आपापल्या कामातले अनुभव सांगितलेत तर ते मला वर्गात वापरता येतील.

सव्वासातची_फास्ट
मुंबईच्या मुलाच्या कानावर हा शब्द पुस्तकाआधी फलाटावर पडतो, हे मुळात लक्षात घ्यायला हवे. मी डोंबिवलीहून गेली एकवीस वर्षे प्रवास करतो. आमच्या डब्यात ‘फास्ट’ हे विशेषण राहिलेलेच नाही, ते नाम झाले आहे. ‘फास्ट गेली’, ‘पुढची फास्ट पकडू’, ‘ठाण्यापर्यंत फास्ट आहे, पुढे स्लो’ असेच सगळे बोलतात. उद्घोषणेत मात्र ‘जलद लोकल’ आणि ‘धीमी लोकल’ हे शब्द नेमाने ऐकू येतात आणि ते कोणालाही परके वाटत नाहीत.

पण ही जलद गाडी खरोखर जास्त वेगाने धावते का, याचा एकदा विचार करून पाहा. डबे तेच, मोटरी त्याच. दोन स्थानकांच्या मधल्या अंतरात धीमी गाडीही जोरातच धावते. फरक एवढाच की जलद गाडी मधली स्थानके गाळते. तुमच्या करी रोडला किंवा चिंचपोकळीला ती थांबत नाही, म्हणून ती लवकर पोहोचते. सिग्नलला अडकली की शेजारच्या रुळावरची धीमी गाडी तिला मागे टाकून जाते, हे आपण सगळ्यांनी दारात उभे राहून पाहिले आहे. तेव्हा मुंबईच्या बोलीत ‘फास्ट’चा पहिला अर्थ ‘थांबे गाळणारी’ असा आहे, असे मी म्हणेन. तुमच्या मुलांनी झोपेच्या वाक्यात वेग का शोधला, याचे उत्तर मला त्यात दिसते.

शब्दवेल्हाळ
बाराखडीताई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. शब्द एकच आहे आणि त्याचा मूळ अर्थ वेग नसून ‘घट्ट, पक्का, न हलणारा’ असा आहे. जुन्या इंग्रजीत विशेषणाचे रूप साधारण ‘फॅस्ट’ असे होते आणि क्रियाविशेषणाला शेवटी एक जादा स्वर लागे. त्या क्रियाविशेषणाचा अर्थ ‘घट्टपणे, नेटाने, जोर लावून’ असा होता. धरणे, बांधणे, झोपणे या क्रियांबरोबर तो सहज बसे. पुढे तोच शब्द धावण्याबरोबर आला, तेव्हा ‘नेटाने धावणे’ असा अर्थ झाला. आणि जो नेटाने धावतो तो वेगाने धावतो, म्हणून हळूहळू नेट मागे पडून वेग पुढे आला. विशेषणाला वेगाचा अर्थ त्यानंतर चिकटला. थोडक्यात, ‘फास्ट अस्लीप’ हा अपवाद नाही, तो या शब्दाचा जुना रहिवासी आहे. आगगाडी नंतर आली.

हे वळण आपल्याला परके वाटू नये, कारण मराठीत हुबेहूब असेच घडले आहे. ‘जोर’ हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ शक्ती. तरीही ‘जोरात पळ’ असे आपण म्हणतो तेव्हा वेगच सांगत असतो. ‘गाडी जोरात चालवू नकोस’ या वाक्यात शक्तीचा विचार कोणाच्याही मनात नसतो. तरी ‘जोरात धर’, ‘जोरात दाब’ यांत जुना अर्थ शाबूत आहे. मुलांना ‘जोरात’ या एका शब्दावरून ‘फास्ट’चा सगळा प्रवास दाखवता येईल.

जुना अर्थ कुठे कुठे दडून बसला आहे, तेही पाहण्यासारखे आहे. खुर्चीचा पट्टा बांधण्यासाठी ‘फासन’ हे क्रियापद वापरतात. त्याच्या लेखनात ‘टी’ आहे, उच्चारात नाही, म्हणून ते ‘फास्ट’पासून झाले आहे हे लक्षात येत नाही. निष्ठेवर ठाम राहणारा तो ‘स्टेडफास्ट’. आणि लाजलेल्या माणसासाठी जो ‘शेमफेस्ड’ शब्द आहे तो मुळात ‘शेमफास्ट’ होता, म्हणजे लज्जेने जखडलेला. लोकांना ‘फास्ट’चा हा अर्थ कळेनासा झाला तेव्हा त्यांनी तिथे चेहऱ्याचा ‘फेस’ आणून बसवला.

रोखठोक
शब्दवेल्हाळ यांची माहिती रोचक आहे, पण प्रश्न शिकवण्याचा आहे आणि तिथे मी असहमत आहे. मी शीव येथे दहावी-बारावीला इंग्रजी शिकवतो. मुलाने आयुष्यात हा शब्द शंभर वेळा वापरला तर त्यातले नव्वदहून अधिक प्रसंग वेगाचेच असतील. (हा माझा अंदाज आहे, मोजदाद नव्हे.) जो अर्थ रोज लागतो तो आधी शिकवावा आणि उरलेले अर्थ जसे समोर येतील तसे सांगावेत. शब्दाचा इतिहास हा शिक्षकाचा आनंद आहे. आठवीच्या मुलावर तो लादला तर त्याला दोन्ही अर्थ अर्धेमुर्धे कळतील.

मुलांची खरी चूक वेगळीच असते. ‘स्लो’चे ‘स्लोली’ होते, म्हणून ती ‘फास्ट’चे ‘फास्टली’ करतात. ‘ही रन्स फास्टली’ हे वाक्य मी दर वर्षी किमान वीस वह्यांत खोडतो. ‘फास्ट’ विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही आहे, त्याला शेपूट लागत नाही, एवढे पक्के झाले तरी पुष्कळ.

शिवाय घड्याळाचे काय? घड्याळ पाच मिनिटे फास्ट आहे, यात घट्टपणा कुठे आहे?

गिरगावकर_आजी
घट्ट आणि जलद यांच्यात तुम्ही ‘पक्का’ विसरलात.

शब्दवेल्हाळ
रोखठोक, घड्याळाबाबत तुमचे म्हणणे मान्य आहे; तो अर्थ वेगातूनच आलेला आहे, घट्टपणातून नाही. पण त्यातही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाच मिनिटे पुढे लावलेले घड्याळ नंतर अगदी योग्य गतीने चालत असते. तिथे ‘फास्ट’ गती सांगत नाही, स्थिती सांगते. म्हणूनच मराठीत आपण ‘घड्याळ पुढे आहे’ असे म्हणतो आणि ते इंग्रजीपेक्षा अधिक नेमके आहे. लोकल चुकू नये म्हणून मुद्दाम घड्याळ पुढे लावणारी मुंबईतली घरे सर्वांना माहीत आहेत. त्या घड्याळांना ‘जलद’ म्हटले तर अर्थ चुकतो.

‘फास्टली’बद्दलही एक सांगतो. विशेषणाला शेपूट का लागले नाही, याचे कारण इतिहासातच आहे. जुन्या क्रियाविशेषणाच्या शेवटी स्वर होता, तो काळाच्या ओघात गळला, आणि दोन्ही रूपे सारखी दिसू लागली. ‘हार्ड’चेही तसेच झाले. हे एकदा सांगितले की मुलाला नियम पाठ करावा लागत नाही.

रंगखाते
आजींनी ‘पक्का’ म्हटले आणि मला राहवले नाही. मी लोअर परळच्या एका गिरणीत १९७५ साली रंगखात्यात लागलो आणि १९८२च्या संपापर्यंत तिथेच होतो. पुढे भिवंडीत कापड तपासण्याचे काम केले. आमच्या कामात ‘फास्ट’ या शब्दाचा वेगाशी काडीचा संबंध नव्हता. साहेब लोक ‘फास्ट’ म्हणायचे, आम्ही ‘पक्का’ म्हणायचो, आणि दोघांना एकमेकांचे बरोबर कळायचे.

कच्चा रंग आणि पक्का रंग यांत फरक काय, ते हातात कापड घेतल्याशिवाय कळत नाही. काही रंग पाण्यात सहज विरघळतात आणि धाग्यावर नुसते बसतात. पहिल्या धुण्यालाच बादलीतले पाणी लाल होते आणि शेजारचा पांढरा सदरा गुलाबी होतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंग मात्र सुताशी रासायनिक बंध जोडतात, त्यामुळे ते पाण्याबरोबर सुटत नाहीत. व्हॅट रंगांची तऱ्हा आणखी निराळी. ते मुळात पाण्यात विरघळतच नाहीत. कॉस्टिक आणि हायड्रो ही रसायने घालून त्यांना आधी विरघळवायचे, तशा अवस्थेत ते सुतात शिरतात, मग हवा लागली की पुन्हा न विरघळणारे होतात आणि सुताच्या आत अडकून बसतात. नीळ त्यांतलीच; तिच्या कुंडातून कापड वर काढले की ते हिरवट पिवळे दिसे. रुळांवरून वर जाता जाता, डोळ्यांदेखत, कडेपासून निळे होत जाई. नवा आलेला बदली कामगार ते पाहायला हातातले काम थांबवून उभा राहायचा आणि त्याला कोणी रागवत नसे.

आता मुद्दा. ‘हा रंग फास्ट आहे’ एवढे म्हणून आमचे कधीच भागले नाही. आमचा मुकादम लगेच विचारायचा, “कशाला पक्का?” धुण्याला पक्का, घासण्याला पक्का, घामाला पक्का की उन्हाला पक्का? प्रत्येकाची परीक्षा वेगळी. धुतल्यावर आणि घासल्यावर रंग किती उतरला ते करड्या पट्टीशी ताडून १ ते ५ असे गुण द्यायचे, ५ सर्वांत चांगला. उन्हासाठी निळ्या लोकरीच्या पट्ट्या असतात, तिथे गुण १ ते ८. एकच रंग एका परीक्षेत उत्तम आणि दुसरीत नापास होतो. नीळच घ्या. धुण्याला ती बऱ्यापैकी टिकते, पण घासण्याला कच्ची आहे. म्हणून नव्या जीन्सचा निळा रंग पांढऱ्या सोफ्याला लागतो.

म्हणून बाराखडीताई, मुलांना सांगा की या अर्थाच्या ‘फास्ट’मागे नेहमी एक प्रश्न उभा असतो, की कशापुढे न हटणारा? झोपेच्या वाक्यातही तेच आहे. आवाज झाला, हलवले, तरी न मोडणारी झोप.

बाराखडी
रंगखातेकाका, माझे वडीलही गिरणीत होते, पण साचे खात्यात, म्हणजे मागांवर. त्यांच्याकडून मी हे कधी ऐकले नाही. “कशाला पक्का?” हा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

सूक्ष्मदर्शी
काकांच्या त्या प्रश्नाला माझ्या कामातून एक उत्तर देतो. मी गेली चौदा वर्षे क्षयरोगाच्या तपासणीसाठी थुंकीच्या काचपट्ट्या पाहतो. क्षयाच्या जंतूंना ‘अ‍ॅसिड फास्ट बॅसिलाय’ म्हणतात आणि अहवालात ‘ए. एफ. बी.’ असे लिहितात. इथे ‘कशाला पक्का’ हे नावातच सांगितले आहे, आम्लाला.

काचपट्टीवर थुंकीचा पातळ थर वाळवून त्यावर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओततात आणि खालून वाफ येईपर्यंत गरम करतात, उकळू देत नाहीत. थोडा वेळ ठेवून धुतात. मग २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल घालतात. बाकीच्या पेशींचा लाल रंग त्या आम्लाने निघून जातो. क्षयाच्या जंतूच्या भिंतीत मेणासारखा जाड स्निग्ध थर असतो, त्यामुळे त्याचा रंग आम्लालाही दाद देत नाही. शेवटी मेथिलीन ब्लू घातले की निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या उठून दिसतात. एकही दिसली तरी मी मान वर करून पुन्हा पाहतो, कारण त्या एका काडीवर कोणाचे तरी पुढचे सहा महिने ठरणार असतात.

जंतूचा हा गुण १८८२ साली पॉल एर्लिख यांनी दाखवला, त्याच वर्षी मार्चमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला होता. शब्द जर्मनातून इंग्रजीत आला आणि तिथे त्याचे ‘अ‍ॅसिड फास्ट’ झाले.

आता तुमच्या प्रश्नाशी ज्याचा थेट संबंध आहे तो प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एक तरुण आपल्या बहिणीचा अहवाल घेऊन खिडकीशी आला. त्याने ‘ए. एफ. बी.’चा विस्तार मोबाइलवर शोधला होता. त्याचा हात थरथरत होता. त्याने विचारले, “साहेब, फास्ट आहे म्हणजे किती दिवसांत पसरेल?” खिडकीतून सांगण्यासारखे ते नव्हते, म्हणून मी बाहेर येऊन त्याच्याशेजारी बाकावर बसलो आणि त्याला सांगितले की इथे फास्ट म्हणजे वेगवान नाही. उलट हा जंतू अतिशय मंद आहे. कित्येक साधे जंतू पोषक वातावरणात वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याला एकदा दुभंगायला पंधरा ते वीस तास लागतात, म्हणून प्रयोगशाळेत त्याची वाढ दिसायला कित्येक आठवडे थांबावे लागते. आणि औषध नियमित घेतले तर बहीण बरी होईल. त्या मुलाला शाळेत हा शब्द एकाच अर्थाने शिकवला गेला होता. रोखठोक सर, तुमचा हिशेब परीक्षेपुरता बरोबर असेल, पण नव्वद वेळा सोडून उरलेल्या दहा वेळांत असा एखादा अहवाल असतो.

रोखठोक
तुमचा प्रसंग वाचून मी थोडा वेळ काहीच लिहिले नाही. दुसरा अर्थ शाळेतच कानावर पडायला हवा, हे मी मान्य करतो. आधी कोणता, याबद्दल माझे मत अजून तेच आहे.

गलबत
कोकणातल्या खलाशांच्या घरातला मी, आणि तीस वर्षे जहाजांवर काढली. आमच्याकडे ‘फास्ट’ म्हणजे बांधलेले, एवढेच. जहाज धक्क्याला लागताना आधी हलका दोर फेकतात, त्याच्या मागून जाड दोर ओढून घेतात आणि त्याचा फासा धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला अडकवतात. ‘मेक फास्ट’ अशी आज्ञा आली की दोर वळसे देऊन पक्का करायचा. पुढचे, मागचे, आडवे असे सगळे दोर ताणून झाले की नोंदवहीत वेळ लिहून पुढे ‘ऑल फास्ट’ असे लिहितात. म्हणजे ज्या क्षणी जहाजाची गती पूर्ण थांबते, त्या क्षणी आम्ही ‘फास्ट’ लिहितो. मुंबई बंदराच्या इंदिरा गोदीत आत शिरताना पाणदरवाज्यातून जावे लागते. तिथे कप्तानापासून सारंगापर्यंत सगळे जण या दोन शब्दांची वाट पाहत असतात.

वर कोणी तरी ‘हार्ड अँड फास्ट’चा उल्लेख केला आहे. तोही जहाजावरचाच. जहाज वाळूत किंवा खडकावर असे रुतले की हलेचना, तर त्याला ‘हार्ड अँड फास्ट’ म्हणत. मुंबईकरांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे. जून २०११मध्ये ‘विस्डम’ नावाचे रिकामे मालवाहू जहाज जुहूच्या किनाऱ्यावर येऊन रुतले होते. ते पाहायला लोक मुलाबाळांना घेऊन जात होते. त्याला ओढून काढायला किती भरत्यांची वाट पाहावी लागली ते आठवा, म्हणजे ‘हार्ड अँड फास्ट रूल’ म्हणजे कसला नियम ते मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

यष्टिरक्षक
क्रिकेटमधला एक बारकावा सांगतो. ‘फास्ट बोलर’ म्हणजे स्वतः वेगवान. मराठीत आपण त्याला वेगवान गोलंदाज म्हणतो. पण ‘फास्ट विकेट’ म्हणजे धावणारी खेळपट्टी नव्हे. जिच्यावर टप्पा पडल्यावर चेंडूचा वेग फारसा कमी होत नाही, ती. ‘फास्ट आउटफिल्ड’ही तशीच. पावसाळ्यात कांगा लीगच्या ओल्या मैदानावर चांगला मारलेला चेंडू सीमेच्या अलीकडे अडतो आणि तेच मैदान जानेवारीत ‘फास्ट’ होते. म्हणजे विशेषण मैदानाला लागते आणि गुण चेंडूचा असतो.

काळाघोडा
मी जर्मन शिकते आहे. पहिल्याच महिन्यात मला ‘फास्ट’ने चकवले. जर्मनमध्ये ‘फास्ट’ म्हणजे ‘जवळजवळ’, आणि घट्ट या अर्थी ‘फेस्ट’ आहे. ‘फास्ट फेर्टिश’ असे बाईंनी म्हटले तेव्हा मला वाटले की त्या लवकर संपवा म्हणत आहेत. त्या म्हणत होत्या, ‘जवळजवळ झाले’. हे दोन्ही शब्द आणि इंग्रजीतला आपला शब्द एकाच मुळाचे आहेत का?

शब्दवेल्हाळ
होय, एकाच. घट्ट लागून असणे म्हणजे अगदी जवळ असणे, आणि अगदी जवळ म्हणजे जवळजवळ. आपल्या ‘लागणे’मधून ‘लगत’ झाले, तसाच हा प्रवास आहे. पूर्वीच्या इंग्रजीतही ‘फास्ट बाय’ म्हणजे ‘लगतच’ असा प्रयोग होता.

गिरगावकर_आजी
मी आधी एकच ओळ लिहिली होती, कारण पुढचे लिहू की नको ते ठरत नव्हते. तुमच्या यादीत एक अर्थ नाही. मी १९६८ साली फोर्टमध्ये टंकलेखिका म्हणून नोकरीला लागले. आमच्या चाळीत मुली नोकरी करत, पण सहा वाजता घरी येत. मला महिनाअखेरीस उशीर व्हायचा. केस कापले होते, कारण सकाळी लांब केसांची वेणी घालायला वेळ नसे. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या एक बाई माझ्या आईला म्हणाल्या, “तुमची मुलगी जरा फास्टच आहे हो.” आईला इंग्रजी येत नव्हते. तिने मला रात्री विचारले, फास्ट म्हणजे हुशार ना गं? मी हो म्हटले.

हा अर्थ इंग्रजीत जुना आहे, चैनी आणि बेबंद जगणाऱ्यांना ‘फास्ट’ म्हणत. पुरुषाला म्हटले की त्यात थोडे कौतुक असे, बाईला म्हटले की नसे. मराठीत तो शब्द आला तो मुख्यत्वे मुलींसाठीच आला. बाराखडी, तुझ्या वर्गातल्या मुलींनाही तो कधी तरी ऐकावा लागेल, म्हणून तो अर्थही तू त्यांना सांगावास असे मला मनापासून वाटते.

दुसरे, उपवासाचा फास्ट वेगळा शब्द आहे, असे बाराखडीने लिहिले आहे. ते खरे आहे का? मला नेहमी वाटत आले की त्यात काही तरी नाते असावे.

शब्दवेल्हाळ
आजी, ती गोष्ट तुम्ही लिहिलीत याबद्दल आभार. मुलींना हा अर्थ सांगावा, हे मलाही पटते.

उपवासाबद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे. शब्दकोशात त्याची नोंद वेगळी असते, पण मूळ तेच आहे. घट्ट धरणे, पाळणे, नियमाला चिकटून राहणे, यातून अन्न वर्ज्य करण्याचा अर्थ आला. आझाद मैदानात बसणाऱ्यांच्या उपोषणाला इंग्रजी वर्तमानपत्रे जो ‘फास्ट’ म्हणतात, तो आणि पक्का रंग सख्खे भाऊ आहेत.

गिरगावकर_आजी
मग हे तर आपल्या बोलण्यात आहेच की. आपण उपास ‘धरतो’. माझ्या सासूबाईंनी सोळा सोमवार धरले होते. ‘यंदा चतुर्थी धरली आहेस का’ असे बायका एकमेकींना विचारतात. आणि ‘ब्रेकफास्ट’ म्हणजे उपास सोडणे. इथे मराठी अधिक बारीक आहे. संध्याकाळी देवाला नैवेद्य दाखवून आपण उपास ‘सोडतो’. चुकून तोंडात शेंगदाण्याऐवजी फुटाणा गेला तर उपास ‘मोडतो’. इंग्रजीत दोन्हीला ‘ब्रेक’.

सव्वासातची_फास्ट
आजी, हे आज सकाळी डब्यात वाचून दाखवले. चौथ्या सीटवरचे एक गृहस्थ संकष्टीचा उपास धरून बसले होते, त्यांनी तुमचे वाक्य वहीत उतरवून घेतले.

बाराखडी
काल वर्ग घेतला. रोखठोक सर, तुमचा क्रम मी अर्धा पाळला. गाडीपासून सुरुवात केली, कारण ती मुलांच्या ओळखीची होती. मग फळ्यावर ‘जोरात’ लिहिले आणि ‘जोरात धर’ व ‘जोरात पळ’ यांत फरक काय ते विचारले. पाच मिनिटे गोंधळ झाला. मग मागच्या बाकावरची तीच मुलगी म्हणाली, “पहिल्यात हात सुटत नाही, दुसऱ्यात पाय थांबत नाही.” मी ते वाक्य तसेच फळ्यावर ठेवले.

उपास धरण्याचे उदाहरण सर्वांना लगेच कळले. नंतर पुन्हा ते झोपेचे वाक्य दिले. सात जणांनी ‘गाढ’ लिहिले. एका मुलाने ‘मुलाला झोपेने घट्ट धरले होते’ असे लिहिले आहे. भाषांतर म्हणून ते चालणार नाही हे मला कळते, पण मी त्यावर काट मारली नाही. बाजूला ‘गाढ’ एवढेच लिहिले. ‘फास्टली’ मात्र चार वह्यांत आलेच, त्यावर पुढच्या तासाला काम करीन. मुलींशी आजींच्या अर्थाबद्दल वेगळे बोलले. दोघींनी तो शब्द आधीच ऐकलेला होता.

रंगखातेकाका, एक विनंती आहे. मुलांना कच्चा आणि पक्का रंग हाताने दाखवायचा आहे. गिरणीतले यंत्र तर आता नाही. घरच्या घरी कसे करता येईल?

रंगखाते
यंत्राची गरज नाही. न धुतलेली नवी जीन्स घ्या आणि एक जुना, बऱ्याचदा धुतलेला निळा सदरा घ्या. पांढऱ्या सुती कापडाचे चार तुकडे करा, सुपारीच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्याला ते एकेक करून ताणून बांधा. दोन्ही कपड्यांवर आधी कोरडा तुकडा दहा वेळा पुढे-मागे घासा, मग दुसरा तुकडा पाण्यात भिजवून, पिळून, तसाच दहा वेळा घासा. हात सारखाच दाबायचा, कमी-जास्त नाही. चारही तुकडे उजेडात शेजारी शेजारी ठेवून मुलांनाच गुण देऊ द्या. ओल्या तुकड्यावर जास्त रंग येईल, त्याचे कारण त्यांना आधी सांगू नका. रविवारी मी लालबागला बहिणीकडे येणार आहे. तुमची शिकवणी तेव्हा असेल तर कळवा, माझ्याकडे जुनी करडी पट्टी अजून आहे, ती घेऊन येतो.